चौघांची एक चूल

पाककलेची स्पर्धा म्हटली, की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे महिला मंडळातली दुपार उभी राहते. घरून करून आणलेले पदार्थ टेबलावर मांडलेले आहेत, आणि परीक्षकबाई चमचा हातात घेऊन एकेकाची चव पाहत आहेत. मी आज ज्या स्पर्धेविषयी बोलणार आहे, ती याहून निराळी. तिच्यात पदार्थ घरून आणायचा नसतो. तो परीक्षकांच्या देखत, ठरलेल्या वेळात, चौघांनी मिळून करायचा असतो. आणि हे चौघे असतात पाकशास्त्र रीतसर शिकणारे विद्यार्थी.

स्वयंपाक शाळेत जाऊन शिकायचा, ही कल्पना आपल्याकडे तशी अलीकडची. १९५४ साली मुंबईत लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने खानपानव्यवस्थेचे शिक्षण देणारी संस्था निघाली. पुढे थंगम फिलिप यांनी तेथे कितीतरी वर्षे आचारी घडवले. आज बुलढाणा जिल्ह्यातली शेतकऱ्यांची मुलेही हे शिक्षण घेऊ लागली आहेत. स्पर्धा मात्र त्याहून जुनी. जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरी १९०० साली आचाऱ्यांचा जो मेळावा भरला, त्यातून पाककलेचे ऑलिंपिक निघाले. दर चार वर्षांनी त्यात देशोदेशीचे संघ उतरतात, आणि शंभरावर पाहुण्यांचे जेवण वेळेवर वाढून दाखवतात.

आता आपल्याकडची गोष्ट. अशाच एका स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा योग मला आला होता. गाव कोणते, ते महत्त्वाचे नाही. वऱ्हाडी ताट करायचे होते: वांग्याचे भरीत, झुणका, ज्वारीची भाकरी आणि एक गोड पदार्थ. वेळ दोन तासांचा, ताटे सहा.

एका संघात मेहकरकडचा एक मुलगा होता. हाताला चव असणे म्हणजे काय, ते त्याच्याकडे पाहून कळावे! फोडणी त्याची, भरीत त्याचे, भाकरीही त्याचीच. बाकीचे तिघे कांदा चिरीत आणि भांडी विसळीत उभे. वेळ वाचावा म्हणून या पठ्ठ्याने सहा ताटांचे पीठ अर्धा तास आधीच, एका खेपेला मळून ठेवले. आणि तिथेच घात झाला. थापायला घ्यावी तो भाकरीच्या कडा फाटू लागल्या. पाण्याचा हात लावला, तर पीठ परातीला चिकटले. तिकडे झुणका कोरडा पडत चालला. घंटा झाली, तेव्हा चार ताटे भरलेली होती आणि दोन रिकामी.

दुसऱ्या संघाचा झुणका, खरे सांगायचे तर, बेताचाच होता. मीठही कणभर जास्त पडलेले. पण त्यांनी भिंतीवर एक कागद लावला होता, आणि त्यावर वेळापत्रक उलटे लिहिले होते. ताट कितीला जायचे, म्हणून भाकरी कितीला भाजायची, म्हणून आधण कितीला ठेवायचे, असे शेवटाकडून सुरुवातीकडे. एक मुलगी लागेल तेवढेच पीठ मळून थापीत होती, दुसरा तव्यापाशी, तिसरा झुणक्याशी, चौथी ताटे लावीत होती. सहाही ताटे गरम आली. पहिले बक्षीस त्यांना गेले.

मेहकरचा मुलगा माझ्याकडे आला. डोळे लाल. म्हणाला, “सर, माझ्या झुणक्याची चव त्यांच्यापेक्षा चांगली नव्हती का?”

“होती,” मी म्हणालो.

“मग?”

“मग काय! दोन पाहुण्यांना ती कळलीच नाही.”

त्या रात्री त्याने आईला फोन केला. आई काय म्हणाली, ते त्यानेच मला पुढे सांगितले. “सारं पीठ एका खेपेला मळलं काहून? अन् ते तिघं काय करत होते? एकट्यानं कधी रोडगे होतात काय, बाप्पा?”

माउली दोन वाक्यांत सारे शास्त्र सांगून गेली. गव्हाच्या कणकेला जो चिकटपणा असतो, तो ज्वारीत नसतो. उकळत्या पाण्याने पिठाला जो धरबंध येतो, तो फार वेळ टिकत नाही. म्हणून भाकरीचे पीठ मळावे आणि लगेच थापावे. भाकरी वाट पाहत नाही. तिची वाट आपण पाहायची असते!

आणि रोडगे? ते तर आपल्याकडे गावानेच करायचे. कोणी जाडसर कणीक मळतो, कोणी गोवऱ्यांचा विस्तव फुलवतो, कोणी वांग्यांच्या भाजीपाशी बसतो, कोणी वरणाकडे पाहतो. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात प्रचंड पंगत बसते. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरांतून भरून पंगतीत नेतात. तिथे भाजी कोणी ढवळली, हे कोणी विचारीत नाही; शेवटच्या रांगेपर्यंत पोचली का, एवढेच पाहतात.

श्रोतेहो, बक्षिसाची रक्कम ती केवढी! पण या मुलांना पुढे ज्या स्वयंपाकघरात पोट भरायचे आहे, तिथे एकट्याचा हात चालत नाही. आणि मला खरी हळहळ वाटली ती त्या कांदा चिरणाऱ्या तिघांची. घरोघरी थापली जाणारी ज्वारीची भाकरी, जिच्यामुळे २०२३ साली भरडधान्यांच्या जागतिक वर्षात आपण मान ताठ केली, ती शिकण्याची त्यांची संधी एका हुशार सोबत्याने नकळत हिरावून घेतली. कसब वाटून घेतले, तरच ते पुढच्या हाती जाते.

पुढच्या वर्षी तोच मुलगा पुन्हा स्पर्धेत उतरला. या खेपेस झुणका दुसऱ्याच्या हाती होता, आणि हा परातीपाशी बसून एका सोबत्याला भाकरी थापायला शिकवीत होता. बक्षीस दुसरे मिळाले. पण सहाही ताटे भरलेली होती.