अर्धं तिकीट, पंचवीस शब्द



तिकिटं जमवतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘सगळ्यात महाग कुठलं?’ माझ्याकडे तसं काही नाही. चॅनेल बेटांची १९४० ते १९४५ मधली थोडी पाकिटं आहेत, एवढंच. जर्सी गाय जिथली, ती जर्सी आणि शेजारचं गर्न्सी. बेटं फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, पण इंग्लंडच्या राजाची.

१९४० च्या जूनअखेरीस तिथे जर्मन सैन्य उतरलं आणि ब्रिटनशी टपाल तुटलं. गर्न्सीत एक पेनीच्या तिकिटांचा तुटवडा झाला, तेव्हा पोस्टानं २७ डिसेंबरपासून दोन पेनीचं तिकीट तिरपं कापून अर्धं लावायला परवानगी दिली. फेब्रुवारी १९४१ मध्ये बेटावरच छापलेलं लाल तिकीट आलं. अर्ध्या तिकिटाची पाकिटं आजही मिळतात, पण त्यातली बरीच हौशी मंडळींनी आठवण म्हणून स्वतःलाच पाठवलेली. मला दुकानदाराच्या बिलाचं मळकं पाकीट जास्त आवडतं. सुटं अर्धं तिकीट मात्र घेऊ नका. कात्री कोणाच्याही घरी असते. शिक्का कापलेल्या कडेवरून पाकिटावर उतरलेला हवा.

जर्सीची पहिली तिकिटं मेजर रायबॉट यांनी काढली. हे गृहस्थ आपल्याकडच्या, म्हणजे ब्रिटिश हिंदी सैन्यातून निवृत्त झालेले. एका तिकिटाच्या चार कोपऱ्यांत त्यांनी चार बारीक ‘ए’ दडवले. ती एका लॅटिन वाक्याची आद्याक्षरं होती: क्रूर ॲडॉल्फ, नरकात जा! जर्मन अधिकाऱ्यांच्या नाकाखाली हे तिकीट विकलं जात होतं. मी भिंगातून ते ‘ए’ अनेकदा पाहिलेत, दर वेळी हसू येतं.

पण या तिकिटांनी इंग्लंडला पत्र जात नव्हतं, आणि गर्न्सीची सुमारे ५ हजार शाळकरी मुलं तर तिकडेच होती. जर्मन येण्याआधी शाळाच्या शाळा बोटीनं हलवल्या होत्या, सोबत शिक्षक. आईबाप मागे. आज समोर बसलेल्या सर आणि बाईंनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावं: वर्गाची जबाबदारी घेऊन निघालात आणि ती पाच वर्षं संपली नाही.

मुलांची खबर यायची ती रेडक्रॉसच्या फॉर्मवर, जिनिव्हामार्गे. जास्तीत जास्त पंचवीस शब्द, फक्त घरगुती मजकूर, त्यावर सेन्सॉरची नजर. उत्तर त्याच कागदाच्या मागे, तेही पंचवीस शब्दांत, आणि पोचायला महिनोन्‌महिने. माझ्याकडच्या एका फॉर्मवर आईनं मुलाच्या बुटांचं माप विचारलंय. मागच्या बाजूला मुलानं माप लिहिलंय. दोन तारखांमध्ये सात महिने आहेत; तेवढ्यात त्याचा पाय किती वाढला असेल!

फाइल मागच्या टेबलावर ठेवली आहे. जरूर चाळा, फक्त तो फॉर्म प्लॅस्टिकच्या बाहेर काढू नका, घड्यांवर तो फाटायला आला आहे.