विवाहापूर्वीचा हिशेब

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त विवाहेच्छू तरुण-तरुणी व त्यांचे मातापिता यांच्यापुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी पैशाचा विषय काढणे कित्येकांस रुचणार नाही. धर्मगुरूने प्रीती, निष्ठा व प्रार्थना यांविषयी बोलावे, व्यवहार वडीलधाऱ्यांवर सोपवावा, असा आपला समज आहे. परंतु आपल्याकडे लग्न ठरविताना पैशाविषयी थोडे बोलले जाते असे मुळीच नाही. देणेघेणे, मानपान, सोने, मंडप, जेवणावळ यांची यादी दोन्हीकडील मंडळी चारचौघांच्या साक्षीने लिहून काढतात. जो पैसा एका दिवसात उडून जावयाचा, त्याची यादी होते. ज्या पैशावर चाळीस वर्षे संसार चालावयाचा, त्याविषयी तो संसार चालविणारी दोघे एक शब्दही बोलत नाहीत. ही रीत उलटी आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

घर कशाने पडते, हे किल्लारीच्या लोकांस कोणी शिकवावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील हजारो माणसे आपल्याच घरांखाली दगावली. त्या घरांच्या दगडी भिंती चांगल्या जाड होत्या. पाहणारास त्या अभेद्य वाटत. पण बाहेरच्या अंगाचा दगड व आतल्या अंगाचा दगड यांस एकमेकांशी बांधणारा लांब दगड मध्ये नव्हता. केवळ मातीच्या आधाराने दोन्ही अंगे शेजारी उभी होती. धक्का बसताच ती फाकली आणि माळवदाचा भार खाली आला. ज्या संसारात पतीचे कर्ज पतीच्या मनात व पत्नीची चिंता पत्नीच्या मनात राहते, तो संसार असाच बाहेरून जाड व आतून सुटा असतो. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, सोयाबीनचा भाव पडतो, घरात आजारपण येते. तेवढा धक्काही त्यास पुरतो.

पवित्र शास्त्र या बाबतीत मौन पाळीत नाही. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या मनुष्याचा दाखला प्रभूने दिला आहे. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा पवित्र मातेने ती उणीव झाकली नाही. जेथे सांगावयाची तेथे सांगितली. उणीव असणे हे पाप नव्हे. उलट हनन्या व सप्पीरा यांची कथा पाहा. त्या पतिपत्नींचे पैशाविषयी पूर्ण एकमत होते, परंतु ते एकमत लपविण्याविषयीचे होते, आणि त्यातच त्यांचा नाश झाला. म्हणून नुसते एकमत पुरत नाही. त्याच्या मुळाशी सत्य असावे लागते.

ख्रिस्तसभेचाही हाच आग्रह आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे १०९८ वे कलम सांगते की, ज्या गोष्टीने वैवाहिक जीवन गंभीरपणे विस्कटू शकते, असा जोडीदाराचा एखादा गुणविशेष कपटाने लपवून संमती मिळविली असेल, तर तो विवाह वैध ठरत नाही. प्रत्येक लपविलेल्या कर्जास हे कलम लागू होते असे नव्हे. परंतु कपटाने मिळविलेली संमती ख्रिस्तसभा किती गंभीर मानते, हे त्यावरून उमगावे.

तेव्हा विवाहेच्छू तरुणांनो, सुपारी फुटण्यापूर्वी एकदा समोरासमोर बसा व या गोष्टी एकमेकांस विचारा. सोसायटीचे, बँकेचे, सावकाराचे कर्ज किती? हातउसने किती? कोणास जामीन राहिला आहात काय? उत्पन्न महिन्याचे आहे की सुगीचे? ज्याच्या घरी पैसा वर्षातून एकदा येतो व जिच्या घरी तो दर महिन्यास येतो, त्या दोघांची खर्चाची सवय भिन्न असते. त्यात दोष कोणाचाच नाही, पण ती ठाऊक असावी. वृद्ध मातापित्यांचा व धाकट्या भावंडांचा भार कोणावर आहे? पत्नीची कमाई व बचत गटातील तिची शिल्लक कोणाच्या विचाराने खर्च व्हावयाची? आणि देवाच्या व गरिबांच्या नावाने काय बाजूस काढावयाचे? अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण म्हणतो. पण एका अंथरुणावर दोघांनी निजावयाचे, तर ते दोघांनीही पाहावयास नको काय?

मुलींनो, या बाबतीत गप्प राहणे म्हणजे विनय नव्हे. मुलांनो, आपली गरिबी सांगण्यात कमीपणा नाही. ती लपविण्यात आहे.

मातापित्यांनो, तुम्हांस एकच विनंती. हुंडा घेणे व देणे हे दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हे आहेत. पण कायद्याच्या आधी विवेकाचे ऐका. वडिलांवर आपल्या लग्नाच्या खर्चाचे ओझे नको, म्हणून २०१७ साली याच लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या कन्येने आपला जीव दिला. ऋण काढून सण करण्याच्या आपल्या हौसेची किंमत कोण चुकविते, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे? लग्न साधेपणाने करा. विवाहसंस्कारास वर, वधू, साक्षीदार व धर्मगुरू पुरतात. कर्ज लागत नाही.

वेदीपुढे तुम्ही सुखात व दुःखात एकमेकांस न सोडण्याचे वचन देता. ते दुःख कोणत्या वाटेने येऊ शकते, हे आधी उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या वचनास अधिक वजन असते. तुमच्या भिंतींत सत्याचा तो सांधणारा दगड प्रभू स्वतः बसवो, आणि पवित्र मरिया व संत योसेफ तुमच्या घरांचे रक्षण करोत.