फॅरोंची थडगी कोणी लुटली?

(कुरुद, भिलाई येथील व्याख्यानाचा मजकूर)



प्राचीन इजिप्तच्या ऱ्हासाचा विषय निघाला की बूर्झ्वा इतिहासकार समुद्रमार्गे आलेल्या आक्रमकांकडे अथवा दुबळ्या राजांकडे बोट दाखवतात. ती कारणे अगदीच खोटी नाहीत. परंतु फॅरोंची थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या देर अल-मदीना ह्या वस्तीतील लेखनिकाने निराळीच हकीकत नोंदवून ठेवली आहे.

तिसऱ्या रामसेसच्या राजवटीचे एकोणतिसावे वर्ष, म्हणजे इ. स. पूर्व ११५७चा सुमार. ह्या कारागिरांचे वेतन धान्यात मिळे : दरमहा चार पोती खपली गहू व दीड पोते जव. महिन्याचे अठरा दिवस उलटले तरी धान्याचा पत्ता नव्हता. तेव्हा काम टाकून, पहाऱ्याच्या पाच भिंती ओलांडून ते एका देवळामागे जाऊन बसले. अंगावर वस्त्र नाही, घरात तेल, मासळी, भाजी नाही, हे फॅरोला व वजिराला कळवा, अशी त्यांची मागणी होती. वेतन थकल्यावर काय करावे हे भिलाईच्या कामगारास समजावण्याची गरज नाही. लिखित इतिहासाला ज्ञात असलेला हा पहिला संप. थकबाकी मिळाली, पुन्हा थकली, पुन्हा काम बंद पडले. आणि ह्याच राजाच्या काळातील देवस्थानांच्या मालमत्तेच्या यादीत एकट्या थीब्जच्या आमोन देवाच्या नावे ८६,४८६ माणसे व ४,२१,३६२ जनावरे मांडलेली आहेत!

त्याच रामसेसविरुद्ध अंतःपुरात कट झाला. राणी तिये हिला आपला पुत्र पेंतावेरे गादीवर हवा होता. राजाचा गळा चिरला गेला होता, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ममीच्या तपासणीतून दिसले. खटल्याच्या न्यायाधीशांपैकी काही जण आरोपी स्त्रियांबरोबर मेजवान्या झोडताना सापडले व नाक-कान गमावून बसले. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनानंतर पुण्यात निदान एक रामशास्त्री होते.

पुढे नवव्या रामसेसच्या काळी आमेनपनुफेर नावाच्या पाथरवटाने सोबत्यांसह सोबेकेमसाफ राजाचे थडगे फोडले, ममींवरचे सोने उतरवले. तो पकडला गेला. वाट्याचे वीस देबेन सोने विभागाच्या लेखनिकाला देऊन सुटला. सोबत्यांनी त्याला नव्याने वाटा दिला आणि धंदा चालू राहिला. पूर्व थीब्जचा नगरप्रमुख पासेर ह्याने बोभाटा केला. चौकशी समितीने दहा राजथडगी पाहिली व एकच फुटल्याचा निर्वाळा दिला. मग पश्चिमेचा प्रमुख पावेरा निर्दोष म्हणून कारागिरांचीच विजयी मिरवणूक काढवण्यात आली. पासेरचे नाव पुढे दप्तरातून नाहीसे होते.

अखेरीस आमोनच्या पुरोहितांनी ‘रक्षणासाठी’ म्हणून राजांच्या ममी हलवल्या. १८८१ साली देर अल-बहरी येथील गुप्त विवरात त्या उजेडात आल्या. नव्या कापडात गुंडाळलेल्या, कापडावर नावे व्यवस्थित लिहिलेली. सोने मात्र बहुतेकींच्या अंगावरून गेलेले होते.