‘जबाबदारीने खेळा’ : जबाबदारी कोणाची?



ऑनलाइन रमीच्या जाहिरातींखाली असा इशारा असे : या खेळाचे व्यसन जडू शकते, जबाबदारीने खेळा. व्यसन लावणारा धंदा नामानिराळा राहतो आणि सारी जबाबदारी खेळणाऱ्याच्या माथी मारली जाते, हा त्या इशाऱ्याचा खरा अर्थ आहे.

मुंबईच्या गिरणगावाने हा धंदा जवळून पाहिला आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर चालणारा आकड्यांचा जुगार १९६१ मध्ये बंद पडला आणि पुढच्याच वर्षी मटका आला. शून्य ते नऊ असे दहा आकडे. आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावणाऱ्याला नऊच रुपये परत मिळतात. दहावा रुपया अड्डेवाल्याचा. कोणाचेही नशीब फळफळो, पगाराच्या दिवशी गिरणी कामगाराच्या खिशातून हा वाटा जाणार हे ठरलेलेच होते.

पुढे हा धंदा मोबाइलमध्ये शिरला. पत्त्यांच्या प्रत्येक डावातून कंपनी आपला हिस्सा आधीच कापून घेऊ लागली. अशा अनेक कंपन्यांची मुख्यालये बंगळूरमध्ये होती. कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी बंद केली. परंतु २०२१ मध्ये ऑनलाइन जुगारावर घातलेल्या बंदीच्या मुख्य तरतुदी उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केल्या. ऑक्टोबर २०२३ पासून केंद्राने या खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर घेतला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, हा तेव्हाचा सरकारचाच अंदाज होता. या कायद्यात शिक्षा धंदा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. हे योग्यच झाले.

तथापि, कायद्याने दुकान बंद होते, जडलेला आजार बरा होत नाही. जुगाराच्या अनावर ओढीला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्येच आजारांच्या यादीत स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनाही तिची गणना व्यसनांत करते. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, घरी खोटे बोलणे, कर्जावर कर्ज काढणे, झोप उडणे ही त्याची लक्षणे. अशा माणसाला नुसता उपदेश करून भागत नाही. त्याला उपचार हवेत.

उपचार याच शहरात आहेत. होसूर रस्त्यावरील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत व्यसनमुक्ती केंद्र आहे आणि मोबाइल व संगणकाच्या अनावर वापरासाठी २०१४ पासून वेगळे उपचार केंद्रही चालते. समुपदेशनात खेळण्याची ऊर्मी ओळखून ती टाळण्याचा सराव करून घेतला जातो. सोबत नैराश्य किंवा दारूचे व्यसन असल्यास त्यावरही इलाज होतो. ज्यांना तेथवर जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही देशव्यापी सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते.

कार्यकर्त्यांचे काम येथून सुरू होते. कर्जबाजारी झालेल्या सोबत्याची टिंगल होऊ देऊ नये. त्याच्या हाती रोख उसनवारी देऊ नये, ती बहुधा पुन्हा डावावरच लागते. त्याच्या संमतीने पगार काही काळ घरच्या विश्वासू माणसाकडे जाईल अशी व्यवस्था करावी. कर्जाची पूर्ण यादी घरच्यांसमोर मांडण्यास त्याला धीर द्यावा. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडून निघाली, तर ती पोकळ धमकी समजू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. उपचार सुरू झाल्यावर तो पुन्हा घसरला, तरी त्याची साथ सोडू नये.

धंद्याने झटकलेली जबाबदारी एकट्या कामगाराला पेलणारी नाही. ती संघटनेने त्याच्यासोबत उचलली पाहिजे, आणि त्याची सुरुवात दवाखान्याच्या पहिल्या फेरीला त्याच्याबरोबर जाण्याने झाली पाहिजे.