चार आण्यांचा मतदार

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष व्हायचे तर आधी निधी जमवावा लागतो, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. अध्यक्ष निवडताना पैसा कोणाचा, हा प्रश्न आपल्या सुरतेला मात्र जुना आहे.

२७ डिसेंबर १९०७. काँग्रेसच्या मंडपात टिळक व्यासपीठावर उभे राहिले, दख्खनी जोडा उडाला, मागोमाग खुर्च्या. जहाल-मवाळ हे सारे आपण शाळेत शिकलो. पण ठिणगी पडली ती अध्यक्षपदावरून. त्या काळी प्रांत नावे सुचवीत, पण निवड करी ती यजमान गावाची स्वागत समिती. म्हणजे मंडपाचा आणि पाहुण्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च उभा करणारी मंडळी. नागपुरात टिळकपक्षाचा जोर दिसताच अधिवेशन इकडे हलवले गेले आणि इथल्या समितीने रासबिहारी घोषांना निवडले. टिळकांकडे माणसे होती, समिती नव्हती.

१९२० साली, टिळक गेल्यानंतर काही महिन्यांनी, नागपूरलाच काँग्रेसची नवी घटना झाली. वर्षाला चार आणे भरील तो सभासद. पुढच्याच वर्षी टिळक स्वराज्य फंडासाठी तीन महिन्यांत एक कोटी रुपये जमले. त्यात शेटजींचे लाख होते, तशा बायकांनी हातातून काढून दिलेल्या बांगड्याही होत्या. पुढे सभासदांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांवर अध्यक्ष ठरू लागला. १९३८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात हरिपुऱ्याला अध्यक्ष असलेले सुभाषबाबू दुसऱ्या वर्षी पुन्हा उभे राहिले. गांधीजींचा कौल पट्टाभींना होता, तरी सुभाषबाबू दोनशे मतांनी निवडून आले.

अर्थात चार आण्यांतही लबाडी शिरली. दुसऱ्याच्या खिशातून वर्गणी भरलेले बोगस सभासद निघाले, गांधीजी त्यावर सतत चिडत. वर्गणीची पावती कोणाच्या नावाची, यापेक्षा पैसे कोणी भरले हे महत्त्वाचे!

अमेरिकेत २००८ साली ओबामांनी सरकारी निवडणूक निधी नाकारला आणि इंटरनेटवरून लाखो लोकांकडून लहान-लहान रकमा घेतल्या. तिथे उमेदवाराला २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचे नाव जाहीर होते. बड्या देणगीदारांनी त्यातूनही वाटा काढल्याच आहेत, पण निदान उमेदवाराच्या थेट देणग्यांची यादी मतदानाआधी वाचायला मिळते.

आपल्याकडे २०१८ पासून स्टेट बँकेतून निवडणूक रोखे विकले गेले. कोणी कोणाला दिले, ते मतदाराला कळायची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली आणि मार्चमध्ये नावे बाहेर आली. म्हणजे २०१९ ची लोकसभा निवडणूक होऊन पाच वर्षांनी.

आपल्या मंडळात ५१ रुपये देणाऱ्याचेही नाव याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर छापतात. एखादे राहिले तर कार्यकारिणीला वर्षभर ऐकून घ्यावे लागते.