परांची बांधताना

अवर्षणप्रवण सांगोल्यातही वळवाच्या एखाद्या सरीने जुन्या भिंतीचा गिलावा सुटू लागला, की घरमालक गवंड्याला वर्दी देतो, परांचीची तजवीज मात्र हाताशी असतील त्या बांबूंवर भागवतो. काळी जमीन भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि तिच्यात नुसताच रोवलेला खांब खचतो. म्हणून प्रत्येक बुडख्याखाली सपाट फरशी किंवा जाड फळी द्यावी, तिरके आधार बांधून परांची भिंतीशी जखडावी आणि उभे राहण्याच्या फळ्या दोन्ही टोकांना आवळाव्यात, कारण सुट्या फळीच्या टोकावर पाय पडताच ती उलटते. कमरेएवढा कठडा ही काही चैन नव्हे. शिडी चार फूट उंचीस एक फूट या हिशेबाने कलती ठेवावी. गतसालचा काथ्या दिसतो शाबूत, पण चिमटीत पिळताच भुगा होतो. तो बेलाशक चुलीत घालावा.