टक्क्याचं चिन्ह कुठे गेलं?

विंडोजवरची रोजची कामं आपोआप व्हावीत, म्हणून अनेक कार्यालयांत जुनी बॅच फाइल असते. तिच्यातूनच 2006 मध्ये आलेल्या पॉवरशेलला हाक मारली जाते. मग एक कोडं पडतं... आज्ञा हाताने टाइप केली, तर चालते. तीच फाइलमध्ये ठेवली, की चूक दाखवते. बोल मात्र पॉवरशेलला लागतो. माझ्या मते, दोष असतो तो दोन भाषांच्या सीमेवर.

टक्क्याचं चिन्हच घ्या. पॉवरशेलमध्ये त्याचा अर्थ, ‘प्रत्येकासाठी हे कर’. बॅचमध्ये ती असते व्हेरिएबलची खूण. फाइल आधी वाचते ती बॅच. एकटं चिन्ह दिसलं, की ती ते गिळून टाकते... आणि पॉवरशेलच्या हाती अर्धवट आज्ञा पडते. हाताने टाइप करताना मात्र हे एकटं चिन्ह शाबूत राहतं. म्हणून ही चकवाचकवी! फाइलमध्ये चिन्ह दोनदा लिहा, एक उरतं.

कुणी म्हणेल, सगळं एकाच भाषेत लिहावं. खरं आहे. पण चालती जुनी फाइल मोडायला कोण धजेल? त्यापेक्षा पॉवरशेलचा भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आणि बॅचमधून फक्त ती फाइल चालवा. तरीही अडलं, तर पुन्हा सीमेवरच शोधा. बॅच फाइलच्या सुरुवातीची ‘एको ऑफ’ ही ओळ तात्पुरती काढा. मग नेमकी कोणती आज्ञा पुढे गेली, ते पडद्यावर दिसतं... चूक सापडली, की ती ओळ परत ठेवायला मात्र विसरू नका.